विशी-तिशीतलं बीपी आणि ॲड्रिनलचा हात

१९५४ साली अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावी, मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात ३४ वर्षांची एक बाई दाखल झाली. सात वर्षं तिला हातापायांत गोळे यायचे, मधूनच पाय लुळे पडायचे, तहान भागायची नाही आणि लघवीला सारखं उठावं लागायचं. रक्तदाब चढलेला होता. रक्तातलं पोटॅशियम मात्र एवढं उतरलेलं की स्नायूंना धड आखडता येईना आणि धड सैलही होता येईना.

तिला तपासणारे डॉक्टर जेरोम कॉन यांचा मूळ अभ्यास वेगळ्याच विषयातला होता. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या दमट उकाड्यात लढणारे सैनिक त्या हवेला कसे सरावतात, यावर त्यांनी काम केलं होतं. सुरुवातीला घामावाटे भरपूर मीठ जातं, पण काही दिवसांत घाम, लाळ आणि लघवी तिन्हींतलं मीठ कमी होतं. शरीर मीठ धरून ठेवू लागतं. यामागे ॲड्रिनल ग्रंथीतून येणारा एखादा पदार्थ असावा, असा कॉन यांचा कयास होता. आता ही बाई मिशिगनच्या थंड हवेत बसून नेमकं तेच करत होती. तिच्या घामात आणि लाळेत मीठ जवळजवळ नव्हतंच. त्याच सुमारास, १९५३ मध्ये, लंडनच्या सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी (पुढे त्यांनी लग्नही केलं) बासलच्या राइखश्टाइन यांच्या चमूच्या साथीनं ॲड्रिनलमधून मीठ धरून ठेवणारं एक नवं संप्रेरक वेगळं काढलं होतं. त्याचं नाव आल्डोस्टेरॉन.

कॉन यांनी त्या बाईला कित्येक महिने वॉर्डात ठेवून तिच्या पोटात जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या मिठाचा हिशेब मांडला. शेवटी दोन्ही ॲड्रिनल काढून टाकायच्या असं ठरलं. डिसेंबर १९५४ मध्ये सर्जन विल्यम बाउम यांनी पोट उघडलं, तर उजव्या ॲड्रिनलवर चार सेंटिमीटरची एक गाठ. तेवढीच काढली. बाईचं पोटॅशियम जागेवर आलं, रक्तदाब उतरला, आणि सात वर्षांची दुखणी गेली.

ही गोष्ट सविस्तर सांगायचं कारण असं की आपल्याकडे पंचविशी-तिशीतल्या मुलाचं बीपी वाढलेलं निघालं की घरात दोनच प्रतिक्रिया उमटतात. ‘कामाचं टेन्शन, दुसरं काय!’ ही पहिली. आणि ‘एकदा गोळी लागली की आयुष्यभराची’ ही दुसरी. पहिलीत निदान आधीच करून टाकलेलं असतं आणि दुसरीत ते कधीच करायचं नसतं. बीपी वाढलंच का, हा प्रश्न दोन्हीकडे गळतो. साठीच्या आजोबांच्या बाबतीत तो गळला तर फार बिघडत नाही. ताठर झालेल्या रक्तवाहिन्या हेच तिथं बहुतेक वेळा उत्तर असतं. पंचविशीत रक्तवाहिन्या लवचीक असतात. तिथं दाब वाढला असेल तर तो कुणीतरी वाढवतंय का, हे बघायला हवं. त्या संशयितांत ॲड्रिनल बरीच वर आहे.

ॲड्रिनल म्हणजे दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या छोट्या ग्रंथी, एकेकीचं वजन चार-पाच ग्रॅम. एवढ्याशा जागेत दोन वेगळे कारखाने आहेत. बाहेरच्या सालीत आल्डोस्टेरॉन, कॉर्टिसोल वगैरे स्टेरॉइडं बनतात, आतल्या गाभ्यात ॲड्रिनलिन. सालीला आणि गाभ्याला दोघांनाही रक्तदाब वाढवता येतो, पण त्यांच्या तऱ्हा अगदी निराळ्या.

आल्डोस्टेरॉनचं काम मूत्रपिंडातल्या नळ्यांच्या शेवटच्या टप्प्यात चालतं. लघवी बाहेर पडण्याआधी तिच्यातलं सोडियम परत आत ओढून घ्यायचं आणि बदल्यात पोटॅशियम बाहेर सोडायचं. सोडियम आलं की मागोमाग पाणी येतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि दाब चढतो. हे संप्रेरक मनाला येईल तेव्हा सुटत नाही. मूत्रपिंडाकडे येणारा रक्ताचा दाब कमी पडला की मूत्रपिंड रेनिन सोडतं. रेनिनमुळे पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि ॲड्रिनलला ‘आल्डोस्टेरॉन सोड’ असा निरोप देतं. दाब भरला की रेनिन थांबतं आणि साखळी शांत होते.

रेनिनचा शोध बराच जुना आहे. स्टॉकहोममध्ये टायगरस्टेट आणि बर्गमन यांनी १८९८ मध्ये सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेत टोचला आणि दाब चढताना पाहिला. त्यानंतर जवळजवळ पस्तीस वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९३४ मध्ये क्लीव्हलँडच्या हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या रोहिणीला चिमटा लावून तिला अरुंद केलं, कुत्र्यांचं बीपी वाढलं, आणि मग सगळ्यांना मूत्रपिंडाची आठवण झाली. आज घरोघरी दिसणाऱ्या टेल्मिसार्टन, रामिप्रिल या गोळ्या याच साखळीत खोडा घालतात. त्यातल्या ‘प्रिल’ घराण्याचा उगम ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापात आहे. सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ मध्ये त्याच्या विषातून जो घटक काढला, त्यावरच्या पुढच्या संशोधनातून कॅप्टोप्रिल घडलं आणि १९८१ मध्ये ते अमेरिकेत बाजारात आलं. इथंच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण तरुण बायकांना ती वेळेवर सांगितली जातेच असं नाही. ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ या दोन्ही जातींच्या गोळ्या गरोदरपणात बाळाला घातक असतात. दिवस राहण्याचा विचार असेल तर गोळी बदलण्याचं बोलणं डॉक्टरांशी आधीच करायचं.

तर कॉन यांच्या रुग्णाला काय झालं होतं? गच्चीवरची टाकी भरून वाहतेय, वॉचमननं बटण बंद केलंय, तरी खालचा पंप चालूच. दाब वाढलेला असल्यामुळे मूत्रपिंडानं रेनिन पार बंद केलेलं, पण ॲड्रिनलमधली गाठ कुणाचं ऐकत नव्हती. रक्तात आल्डोस्टेरॉन जास्त आणि रेनिन जवळजवळ शून्य, ही जोडी या विकाराची खूण. एकटं आल्डोस्टेरॉन मोजून काही कळत नाही, दोघांचं गुणोत्तर बघावं लागतं. या विकाराला आता प्रायमरी आल्डोस्टेरॉनिझम म्हणतात. जुन्या डॉक्टरांच्या तोंडी अजून ‘कॉन्स सिंड्रोम’च असतं.

बीपीच्या दर पाच रुग्णांमागे एकाला हा विकार असावा, असं कॉन पुढे म्हणू लागले. ते कुणी मनावर घेतलं नाही. डॉक्टरांच्या डोक्यात पक्कं बसलं की पोटॅशियम खाली असेल तरच हा विकार, आणि अशी माणसं शंभरात एखादीच सापडतात. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या रिचर्ड गॉर्डन यांनी पोटॅशियमची अट सोडून, ते नॉर्मल असलेल्या रुग्णांचंही गुणोत्तर तपासायला घेतलं. विकार भराभर सापडू लागला. आता सर्वसाधारण बीपीच्या रुग्णांत पाच ते दहा टक्के, आणि तीन-तीन गोळ्यांना न जुमानणाऱ्या बीपीत सुमारे वीस टक्क्यांपर्यंत हा विकार असतो असं मानलं जातं. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांचं पोटॅशियम नॉर्मल असतं. म्हणजे कित्येक दशकं डॉक्टर मंडळी चुकीच्या दारावर पहारा देत होती. एंडोक्राइन सोसायटी या अमेरिकी संस्थेनं २०२५ मध्ये तर बीपी असलेल्या प्रत्येकाचीच ही तपासणी करावी असं सुचवलं. आपल्याकडे ते उद्या होईल अशी माझी समजूत नाही. पण चाळिशीच्या आतल्या माणसाचं बीपी १५०–१६० च्या घरात असेल, किंवा गोळ्यांवर गोळ्या वाढत असतील, तर निदान त्याची तरी व्हावी. हा हट्ट मला रास्त वाटतो.

पोटॅशियम नॉर्मल असलं म्हणून विकार नाही असं म्हणता येत नाही. कमी असलं तर मात्र संशय बळावतो. पाणी कमी करणाऱ्या गोळ्या चालू नसतानाही ते ३.५ च्या खाली गेलं असेल तर आल्डोस्टेरॉन तपासलंच पाहिजे. पोटॅशियमची तपासणी स्वस्त आहे आणि गावोगावच्या लॅबमध्ये होते, पण रक्त काढण्याच्या रीतीत एक गोम आहे. दंडाला पट्टा आवळून ‘मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा’ असं सांगायची आपल्याकडे सवयच आहे. मूठ आवळली की हाताच्या स्नायूंतून पोटॅशियम रक्तात उतरतं आणि ३.२ चं ३.८ दिसू शकतं. हातातली खरी खूण तिथल्या तिथं पुसली जाते! म्हणून मूठ न मिटता, पट्टा फार वेळ न आवळता रक्त द्यावं. सांगितलं तर लॅबवाले ऐकतात.

आल्डोस्टेरॉन आणि रेनिनचं रक्त सकाळी, पण उठल्या उठल्या नव्हे, देतात. अंथरुणातून उठून दोनेक तास हिंडून-फिरून झालेलं असावं, मग पाच-दहा मिनिटं बसून रक्त द्यावं. मीठ नेहमीसारखं खायचं. तपासणी आहे म्हणून आदल्या आठवड्यात अळणी जेवणं सुरू केलं तर निकालच बदलतो. चालू गोळ्यांचीही गडबड असते. बीटा ब्लॉकरनं रेनिन दबतं आणि नसलेला विकार दिसतो. सार्टन आणि पाणी कमी करणाऱ्या गोळ्यांनी रेनिन वाढतं आणि असलेला विकार लपतो. आल्डोस्टेरॉनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन तर सुमारे चार आठवडे आधी थांबवावं लागतं. ही थांबवाथांबव डॉक्टरांनीच करायची. बीपी १८० असलेल्या माणसानं एखादा लेख वाचून आपल्या गोळ्या बंद करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

गुणोत्तर संशयास्पद निघालं की एक-दोन पक्क्या तपासण्या होतात आणि मग सीटी स्कॅन. सीटीत गाठ दिसली की घरच्यांना वाटतं झालं, चोर सापडला. तसं नसतं. ॲड्रिनलवर निरुपद्रवी गाठी पुष्कळांना असतात, वयाबरोबर वाढतात. दिसणारी गाठ निर्दोष आणि दोन्ही बाजूंची साल मिळून आल्डोस्टेरॉन ओकतेय असंही असतं. म्हणून दोन्ही ॲड्रिनलच्या शिरांतून वेगवेगळं रक्त काढून बघावं लागतं. मांडीच्या शिरेतून बारीक नळी आत नेतात. डावी शीर सहसा सापडते. उजवी जेमतेम सेंटिमीटरभर लांब, थेट मोठ्या महाशिरेत उघडणारी. ती सापडली तर सापडली. हे काम सराईत हातांनीच करायचं, आणि आपल्याकडे ते मोजक्या मोठ्या रुग्णालयांतच होतं. पस्तिशीच्या आतल्या रुग्णाचं पोटॅशियम कमी, आल्डोस्टेरॉन भरपूर आणि सीटीत एकाच बाजूला ठळक गाठ असेल, तर ही पायरी वगळून थेट शस्त्रक्रिया करता येते. तरुण असण्याचा हा एक फायदा.

एकाच बाजूचा दोष असेल तर ती ॲड्रिनल दुर्बिणीतून काढतात. दुसरी सगळं काम सांभाळते. नंतर काय होतं? नऊ देशांतल्या बारा केंद्रांनी मिळून शस्त्रक्रिया झालेल्या ७०५ रुग्णांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. संप्रेरकाचा घोळ ९४ टक्के जणांत मिटला होता. गोळ्या पूर्ण सुटून बीपी नॉर्मल झालेले मात्र ३७ टक्के होते. आणखी ४७ टक्के जणांच्या गोळ्या किंवा बीपी कमी झालं. पूर्ण सुटका झालेल्यांत तरुण आणि बायका अधिक. दहा-पंधरा वर्षं चढत्या दाबाखाली राहून ताठर झालेल्या रक्तवाहिन्या गाठ काढल्यानं पुन्हा मऊ होत नाहीत, एवढाच याचा अर्थ. दोन्ही बाजूंचा दोष असेल तर शस्त्रक्रिया नाही. आल्डोस्टेरॉनची जागा अडवणारी स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी. पुरुषांत तिनं कधी कधी छाती वाढते. तरुण पोरं लाजेनं हे बोलत नाहीत आणि गोळी परस्पर बंद करतात. एप्लेरेनोन नावाच्या दुसऱ्या गोळीनं तो त्रास बराच कमी होतो, तेव्हा लाजू नये.

एवढा खटाटोप कशासाठी, बीपी तर कुठल्याही गोळीनं उतरतं की! पण आल्डोस्टेरॉन हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या पेशींनाही थेट इजा करतं. सारख्याच बीपीच्या दोन माणसांपैकी आल्डोस्टेरॉनवाल्याला पक्षाघात आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका अधिक असतो. नुसता आकडा उतरवून हा धोका पुरता टळत नाही.

आता आतल्या गाभ्याकडे. इंग्लंडमध्ये हॅरोगेटचे डॉक्टर जॉर्ज ऑलिव्हर यांना घरच्या घरी उपकरणं बनवायचा नाद होता. मनगटातल्या नाडीची जाडी मोजणारं एक उपकरण त्यांनी केलं आणि आपल्या मुलाला जनावरांच्या ॲड्रिनलचा अर्क देऊन नाडी बारीक होते का ते बघितलं, असं सांगतात. (मुलाचं मत कुणी नोंदवलेलं नाही.) मग ते लंडनला प्राध्यापक शेफर यांच्या प्रयोगशाळेत गेले. शेफर कुत्र्यावर दुसराच प्रयोग करत होते. ऑलिव्हर यांच्या आग्रहाखातर त्यांनी तो अर्क कुत्र्याच्या शिरेत सोडला आणि दाबमापकातला पारा नळीतून बाहेर पडतो की काय इतका वर चढला. ही १८९३-९४ ची गोष्ट.

या गाभ्यातही गाठ होते. तिला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. ती दुर्मीळ आहे, हजार बीपीवाल्यांत एक ते सहा जण. पण तिची लक्षणं तरुण वयात हमखास भलत्या खात्यात जमा होतात. अचानक कपाळ फुटेल असं डोकं दुखतं, छाती धडधडते, दरदरून घाम सुटतो, चेहरा पांढराफटक पडतो. दहा-वीस मिनिटांत सगळं ओसरतं. माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत बीपी बहुधा नॉर्मल. मग ‘पॅनिक अटॅक’ म्हणून चिठ्ठी मिळते आणि धडधडीवर बीटा ब्लॉकर लिहिलं जातं. या गाठीत नुसतं बीटा ब्लॉकर देणं धोक्याचं, कारण त्यानं रक्तवाहिन्या सैल करणारी वाट बंद होते, आवळणारी उघडीच राहते आणि दाब आभाळाला भिडतो. आधी अल्फा ब्लॉकर, मग गरज पडली तर बीटा, असा क्रम आहे. निदानासाठी रक्तातली किंवा चोवीस तासांच्या लघवीतली मेटानेफ्रिन (ॲड्रिनलिनच्या विघटनातून बनणारी द्रव्यं) मोजतात.

या गाठीचं पहिलं नीट वर्णन जर्मनीत फ्रायबुर्गच्या फेलिक्स फ्रेंकेल यांनी १८८६ मध्ये केलं. रुग्ण होती अठरा वर्षांची मुलगी. ती वाचली नाही. शवविच्छेदनात दोन्ही ॲड्रिनलवर गाठी निघाल्या. फ्रायबुर्गच्याच डॉक्टरांनी शंभर वर्षांहून अधिक काळानंतर तिच्या कुटुंबातल्या हयात नातेवाइकांचा माग काढला आणि त्यांच्यात आरईटी नावाच्या जनुकातला दोष सापडल्याचं २००७ मध्ये जाहीर केलं. हा दोष पिढ्यान् पिढ्या उतरतो. त्यात ॲड्रिनलबरोबर थायरॉइडचा कर्करोगही होतो. आज अशी गाठ सापडलेल्या प्रत्येकाला जनुकीय तपासणी सुचवतात ती यासाठीच, आणि खरा फायदा अनेकदा त्याच्या भावंडांचा होतो.

सालीतलं दुसरं संप्रेरक कॉर्टिसोल. हार्वी कुशिंग या अमेरिकी मेंदूशल्यविशारदानं १९१२ मध्ये तेवीस वर्षांच्या एका मुलीचं वर्णन केलं: गोल चेहरा, पोट सुटलेलं, हातपाय काड्यांसारखे, कातडीवर जांभळे पट्टे, बीपी वाढलेलं. कुशिंग यांची रुग्ण तिच्या शरीरातल्याच कॉर्टिसोलनं आजारी होती. आपल्याकडे आज अशी चेहरेपट्टी दिसली तर ते बहुतेक मेडिकलमधून आलेलं असतं. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी लिहून दिलेलं प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन बरं वाटतं म्हणून लोक चिठ्ठी जुनी झाली तरी घेत राहतात. गोरं होण्यासाठी चेहऱ्याला महिनोन् महिने चोपडलेल्या मलमांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल निघतं. ‘शंभर टक्के जडीबुटी’ म्हणून मिळणाऱ्या गुडघेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ अनेकदा पकडली गेली आहे. दोन दिवसांत ठणका गेला तर खूश होण्याआधी शंका यायला हवी. व्यायामशाळेतली इंजेक्शनांची ‘सायकल’ हा आणखी एक प्रकार. ती इंजेक्शनं वेगळ्या जातीची, पुरुषी संप्रेरकांची, पण मीठ-पाणी धरून ठेवणं आणि बीपी वाढवणं त्यांनाही जमतं. डॉक्टरांना हे सांगायचं पोरं टाळतात. बापासमोर विचारलं तर सांगणारच नाहीत, हे डॉक्टरांनीही ओळखायला हवं.

कॉर्टिसोलच्या बाबतीत मूत्रपिंडात एक अजब सोय आहे. आल्डोस्टेरॉनसाठी असलेल्या जागेत कॉर्टिसोलही चपखल बसतं, आणि रक्तात ते आल्डोस्टेरॉनच्या कित्येक पटींनी असतं. म्हणजे एरवी आपल्या सगळ्यांचंच बीपी चढलेलं असायला हवं. तसं होत नाही, कारण त्या पेशींत एक विकर कॉर्टिसोलला वाटेतच निकामी करतं. या विकराला बंद पाडणारा एक पदार्थ आपल्या स्वयंपाकघराच्या फडताळात असतो: ज्येष्ठमध. त्यातलं ग्लिसरायझिन त्या विकराला अडवतं, कॉर्टिसोल आल्डोस्टेरॉनचं सोंग घेऊन आत शिरतं, पोटॅशियम घटतं, दाब चढतो. रक्ततपासणीत आल्डोस्टेरॉन मात्र कमी निघतं, म्हणून डॉक्टरही गोंधळतात. स्वीडनमध्ये लिंकोपिंगच्या संशोधकांनी अठरा ते तीस वर्षांच्या निरोगी मुलामुलींना रोज १०० मिलिग्रॅम ग्लिसरायझिन जाईल इतकं ज्येष्ठमध दोन आठवडे दिलं. वरचा आकडा सरासरी ३ नं वाढला. २०२४ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. घसा बसला म्हणून गायकानं कांडी चघळली तर काही होत नाही. पण करोनाच्या काळात लागलेली रोज काढा पिण्याची सवय ज्यांनी अजून सोडलेली नाही आणि ज्यांचं बीपी कारण नसताना वर गेलंय, त्यांनी काढ्यात काय काय पडतं ते एकदा बघावं. ‘आयुर्वेदिक आहे, काय होतंय’ या वाक्याला इथं तरी जागा नाही.

बाकीची संप्रेरकं थोडक्यात. थायरॉइड कमी पडलं तर खालचा आकडा वाढतो, जास्त झालं तर वरचा. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी यकृत अँजिओटेन्सिनचा कच्चा माल जास्त बनवतं. बहुतेकींचं बीपी थोडंसंच वाढतं, काहींचं बरंच, म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतर काही महिन्यांनी मोजायचं. पीसीओएस आणि सुटलेलं पोट असेल तर रक्तात इन्शुलिन चढं राहतं, आणि इन्शुलिनलाही मूत्रपिंडात सोडियम धरून ठेवायची खोड आहे. तरुणांतल्या बीपीत सगळ्यात मोठा वाटा मात्र नेहमीच्या मंडळींचा आहे: वजन, मीठ, दारू, रात्रीचं घोरणं आणि आईबापांकडून आलेला वारसा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के जणांचं बीपी वाढलेलं होतं किंवा त्यासाठी गोळी चालू होती. या साऱ्यांच्या ॲड्रिनलवर गाठी नाहीत, हे उघड आहे.

आधी बीपी खरंच वाढलंय का हे ठरवायला हवं. कमावलेल्या दंडावर साधा पट्टा बांधला तर आकडा उगाच जास्त येतो; मोठा पट्टा मागावा. पाच मिनिटं टेकून बसल्यावर, मोबाइल बाजूला ठेवून, घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजलेले आकडे दवाखान्यातल्या एका आकड्याहून जास्त भरवशाचे. पहिल्या वेळी दोन्ही दंडांत मोजावं. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि हमखास राहून जातं. जपानचे नेत्रतज्ज्ञ ताकायासू यांनी १९०८ मध्ये ज्या विकाराची पहिली खूण एका तरुण स्त्रीच्या डोळ्यांत पाहिली, त्यात महारोहिणी आणि तिच्या फांद्या सुजून अरुंद होतात. भारतात तो तरुण मुलींत दिसतो, आणि मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद झाली की गोल्डब्लाट यांच्या कुत्र्यांत घडलं तेच त्या मुलींत घडतं. एका हातात १७० आणि दुसऱ्यात ११०, किंवा एका मनगटाची नाडीच लागत नाही, एवढ्यावरून संशय येतो. दुर्दैवानं नाडी नसलेल्याच हातात बीपी मोजलं तर ते छान नॉर्मल येतं.

आणि घरातल्यांचा इतिहास विचारताना ‘आईवडिलांना बीपी आहे का’ एवढ्यावर थांबू नये, कारण त्याचं उत्तर निम्म्या घरांत ‘हो’च येतं. चाळिशीच्या आत कुणाला मेंदूत रक्तस्राव झाला होता का, कुणी भर तरुणपणी अचानक गेलं का, हे विचारावं. टोरांटोच्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये एका बापलेकांची हकिकत छापली. दोघांचं बीपी चढलेलं, आल्डोस्टेरॉन जास्त, रेनिन नाही. डेक्सामेथासोनच्या लहानशा मात्रेनं दोघांचंही बीपी उतरलं. जे स्टेरॉइड इतरांचं बीपी वाढवतं, तेच इथं औषध ठरलं! उलगडा १९९२ मध्ये रिचर्ड लिफ्टन आणि सहकाऱ्यांनी केला. अशा घराण्यांत शेजारशेजारची दोन जनुकं जोडून एक मिश्र जनुक झालेलं असतं, आणि त्यामुळे आल्डोस्टेरॉनचा ताबा रेनिनकडून सुटून मेंदूतल्या पिट्युटरीकडे गेलेला असतो. डेक्सामेथासोननं पिट्युटरी गप्प बसते आणि आल्डोस्टेरॉन थांबतं. अशा आईच्या किंवा बापाच्या प्रत्येक मुलाला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते आणि तो रक्ताच्या एका जनुकीय तपासणीत कळतो. बीपी वाढायला लागण्याची वाट बघावी लागत नाही. शाळकरी वयातच तपासून घेता येतं.